चिंचेखालची हजेरी

शाळेत आम्ही रोज सकाळी हजेरी घेतो. या शब्दाचा दुसरा अर्थ मात्र आम्हांला मिरजेने शिकवला. ख्वाजा शमना मीरा यांच्या उरुसात नामवंत गवई आणि वादक येतात, दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली आपली कला सादर करतात. त्याला 'हजेरी लावणे' म्हणतात.

यंदा सहावीतल्या लेकीला घेऊन जायचे ठरले, तेव्हा घरात थोडी चर्चा झाली. आम्हां दोघांपैकी एकाचे बालपण अब्बांचे बोट धरून या मैफली ऐकण्यात गेले. दुसऱ्याच्या घरी लग्नातसुद्धा कधी वाद्य वाजले नाही. ही दोन्ही मते आमच्या घरात एकाच दस्तरखानावर जेवतात. अब्बांचे गुडघे आता साथ देत नाहीत. ते इतकेच म्हणाले, "तिला नेऊन बसवा. पुढचं तिचं ती बघेल."

कोल्हापूरहून तासाभराची गाडी. मिरजेत उतरून आधी सतारमेकर गल्लीत गेलो. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पुढे तेच हात सतारी आणि तंबोरे घडवू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात वाळलेले भोपळे टांगलेले होते. "हे भाजीचे का?" लेकीने विचारले. कारागीर चाचा हसले. त्यांनी एक तयार तंबोरा पुढे घेतला, तार छेडली. आवाज कोरडा होता. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा हळूच सरकवला, आणि तोच आवाज गुंजारव करत खोलीभर पसरला. "याला जवारी म्हणतात, बेटा. आता तू सरकव." तिने सरकवला. पुन्हा सरकवला. तिथून तिला उठवताना आमची दमछाक झाली.

दर्ग्यात फातेहा पढलो. उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा. तो मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, हे लेकीला मुद्दाम सांगितले. मग उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या कबरीकडे गेलो. खाँसाहेब 1872 साली उत्तरेतल्या कैराना गावी जन्मले आणि मिरजेचे होऊन राहिले. प्लेगच्या आजारातून या दर्ग्याच्या आश्रयाने ते बरे झाले, असे इथे सांगतात. ते या चिंचेखाली बसून गात. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना त्यांना मृत्यूने गाठले, पण दफन इथेच झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी, हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "म्हणजे हे भीमसेनांच्या सरांचे सर!"

थोड्या वेळाने तिने हळूच विचारले, "मशिदीत गात नाहीत, मग इथे का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. वर्गात असा प्रश्न आला असता तर उत्तर लगेच दिले असते. इथे खरे तेच सांगितले, की यावर आपल्या आलिमांमध्येही मतभेद आहेत, आपल्या घरातही आहेत. "तू आज ऐक. मोठी झालीस की वाच, विचार, मग ठरव."

इशाच्या नमाजनंतर सतरंजीवर जागा धरली. गाणे सुरू होण्याआधी बराच वेळ तंबोरे जुळवणे चालले. आम्हांला वाटले, ही आता कंटाळणार. पण ती गुडघ्यांवर उभी राहून पाहत होती. "बघा, दोरा सरकवला!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढचे दोन आजोबा वळून हसले. मग विलंबित ख्याल सुरू झाला आणि आमची श्रोती दहा मिनिटांत मांडीवर डोके ठेवून झोपली. ज्या आलापीसाठी तिला एवढ्या लांब आणले, ती आम्हीच ऐकली. जिच्या घरी वाद्य वाजले नव्हते तीही शेवटपर्यंत उठली नाही, यावर आम्ही परतीच्या गाडीत काही बोललो नाही.

थोडी खंत होतीच. घरी पोचताच अब्बांनी नातीला विचारले, "कोण गायलं?" तिला नाव आठवेना. "कोणता राग?" तोही नाही. मग ती त्यांच्या पलंगावर चढून बसली आणि भोपळा, घोडी, तार, दोरा असे सगळे हातवारे करून सांगू लागली. "दादा, आधी आवाज झोपलेला असतो. दोऱ्याने जागा होतो."

अब्बा आमच्याकडे वळून म्हणाले, "तोंडं का पाडलीत? मला पहिल्या वर्षी नेलं, तेव्हा घरी येऊन मी फक्त उरुसातल्या पाळण्याबद्दल सांगितलं होतं."