दुसऱ्याच्या हातचं विमान

सौदा ठरत आला की मला फोन येतो. घेणाऱ्याच्या मनात विमान आधीच भरलेलं असतं. आता कुणीतरी जाणत्याने 'घ्या' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा असते. मी मेकॅनिक. इथे अमेरिकेत आम्हाला 'ए अँड पी' म्हणतात, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींवर काम करायचा परवाना असलेला माणूस. सेसना किंवा पायपरसारखं कारखान्यात बनलेलं विमान असलं तर माझं काम सरळ असतं. कंपनीचं पुस्तक उघडायचं आणि त्यातल्या मापांशी एकेक गोष्ट ताडून बघायची. विमान कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये बांधलेलं असलं, की हे पुस्तक अर्धंमुर्धंच उपयोगी पडतं. बाकीचं सगळं बांधणाऱ्याच्या डोक्यात असतं, आणि तो कधी दोन राज्यं पलीकडे राहायला गेलेला असतो, तर कधी या जगातच नसतो.

मराठी वाचकाला घरी बांधलेलं विमान म्हटलं की कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव आठवतील. 2016 च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते विमान लोकांनी मुंबईत पाहिलं आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, तीही केवढी बातमी होऊन. इथे त्यात बातमी अशी उरलेली नाही. पॉल पोबरेझ्नी यांनी 1953 साली विस्कॉन्सिनमध्ये हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली, ती 'ईएए'. तेव्हापासून हा छंद इतका पसरला, की रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या एकट्या 'आरव्ही' मालिकेतली अकरा हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. विमानं झाली की ती विकलीही जाणार. बांधणारा म्हातारा होतो, डोळे अधू होतात, घटस्फोट होतो, किंवा त्याला मुळात बांधण्यातच गोडी असते आणि उडवण्याचा कंटाळा.

कायदा थोडक्यात असा: निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल, तर विमानाला 'एक्सपेरिमेंटल' वर्गात प्रमाणपत्र मिळतं. निर्माता म्हणून पाटीवर नाव त्या माणसाचं. आराखडा व्हॅनग्रन्सव्हेन यांचा असेल, सुट्या भागांची पेटी ओरेगॉनहून आली असेल, तरी सरकारदरबारी हे विमान 'केलं' ते कुठल्याशा गावातल्या दंतवैद्याने किंवा प्लंबरने. म्हणून कुणी 'मी आरव्ही-6 घेतोय' असं म्हणालं, की मी विचारतो, 'कुणाची?'

हा प्रश्न पुष्कळांना खवचट वाटतो. हल्ली फोन करणाऱ्यांत आपली मुलंही असतात. शिकागो-डॅलसकडची, सॉफ्टवेअरमधली, हौसेने वैमानिकाचा परवाना काढलेली. ती मला 'काका' म्हणतात आणि कॉकपिटमधल्या मोठ्या स्क्रीनवर भाळतात. 'काका, पॅनेल एकदम नवीन आहे!' असेल बाबा. पॅनेल पैसे टाकून कुणालाही बदलता येतं. पॅनेलच्या मागे काय आहे ते सांग.

आरव्ही ॲल्युमिनियमची. पत्र्याला पत्रा हजारो रिव्हेटांनी जोडलेला. पंखाच्या मुळाशी मी खाली उताणा पडतो आणि बॅटरीचा झोत पत्र्यावर तिरका टाकतो. रिव्हेट पक्का बसलेला असला, तर त्याचं डोकं आणि पत्रा एकजीव दिसतात. सैल असला, तर उडताना तो कणाकणाने घासतो, ॲल्युमिनियमची काळी पूड निघते आणि वाऱ्याच्या दिशेने मागे ओढली जाते. रिव्हेटच्या मागे काजळाच्या बोटासारखी रेघ उमटते. आमच्यात म्हणतात, रिव्हेट 'धूर सोडतोय'. फडकं मारलं की ही रेघ जाते, आणि चार तास उडवलं की परत येते. त्यामुळे विक्रेत्याने मी येण्याच्या आदल्या दिवशी विमान धुऊन-पुसून लख्ख ठेवलेलं असलं, तर मला ते फारसं आवडत नाही. मी त्याला एक लांब फेरी मारून यायला सांगतो.

दुसरी खूण चंद्रकोरीची. रिव्हेट गन किंचित घसरली की डोक्याशेजारी पत्र्यात अर्धगोल पोचा पडतो. हे पोचे बहुधा शेपटीवर सापडतात, कारण शेपटीचा संच आधी येतो आणि माणूस शिकतो तो तिच्यावर. त्याला माझी हरकत नाही. पुढे पंखांपर्यंत हात बसलेला दिसला पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी होतात ती इंजिनामागची आणि पॅनेलमागची कामं: वायरिंग, इंधनाचे पाइप, क्लॅम्प. वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाला तेव्हा उडायची घाई झालेली असते, बायको विटलेली असते, पैसे संपलेले असतात. शेपटीवर हात कच्चा आणि शेवटच्या कामात पक्का, असं विमान मी बिनदिक्कत पुढे तपासतो. उलट दिसलं, म्हणजे शेपूट देखणी आणि पॅनेलमागे नाव नसलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या वायरींचा घोळ, तर ज्या कोपऱ्यात माझा हात पोचत नाही तिथेही तसंच असणार असं मी धरून चालतो.

माझे वडील नाशिकजवळ ओझरला 'एचएएल'मध्ये होते. एकाने केलेल्या कामावर दुसऱ्याची सही पडल्याशिवाय तिथे पत्रा झाकला जात नसे. गॅरेजमध्ये करणारा तोच आणि झाकणाराही तोच. त्यावर ईएएने काढलेला तोडगा मला आवडतो. त्यांचे अनुभवी स्वयंसेवक बांधणाऱ्याच्या घरी जातात, उघडं काम बघतात, चार गोष्टी सुनावतात. ते बोलावणं ऐच्छिक असतं. बांधणीच्या वहीत अशा भेटींच्या नोंदी आणि झाकण्याआधीचे फोटो सापडले, की या माणसाला टीका ऐकून घेता येत होती, हेही मला कळतं.

आराखड्यापासून केलेली फारकत हा मात्र माझ्या मते या खरेदीतला खरा धोका, आणि तो सहसा चांगल्या हेतूने आलेला असतो. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात समुद्रात कोसळून गेले, ते नुकत्याच विकत घेतलेल्या लाँग-ईझी विमानात. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायची कळ वैमानिकाच्या पायांमध्ये आहे. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेली. त्याचा विचार वेडगळ नव्हता: इंधनाचे पाइप कॉकपिटमध्ये नकोत, एवढंच त्याला हवं होतं. पण ती कळ फिरवायची, तर विमान चालवायचा दांडा सोडून मागे वळावं लागे, आणि तसं वळताना उजवा पाय रडरच्या पेडलवर दाबला जाणं सहज शक्य होतं. कळीवर खुणा नव्हत्या, इंधनाच्या काचनळ्यांवरही नव्हत्या. कळीपर्यंत हात पोचत नाही हे उड्डाणाआधीच लक्षात आलं होतं. पकड लावून ती लांबवता येते का, हेही पाहून झालं होतं. तपासात उड्डाणाच्या अपुऱ्या तयारीबरोबरच या कळीच्या जागेवरही बोट ठेवलं गेलं. बांधणाऱ्याला ती जागा वर्षानुवर्षांच्या सवयीची होती. सवय विक्रीच्या कागदावर लिहून देता येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2011 मधल्या तपासलेल्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांतली विमानं वापरलेली म्हणून घेतलेली होती, आणि 14 अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले होते.

नावाजलेला हात असला म्हणजे झालं, असंही नाही. ऑशकॉशच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते स्टीव्ह विटमन 1995 मध्ये पत्नीसह गेले, स्वतःच बांधलेल्या विमानात. पंखावरचं कापड नीट चिकटलेलं नव्हतं. ते सुटलं आणि पंख फडफडू लागला. त्यामुळे विक्रेता बांधणाऱ्याची ख्याती सांगू लागला, की मी मान डोलावतो आणि नख लावून कापडाची कड तपासतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. आरव्हीत बहुधा लायकमिंग असतं, आणि त्यात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान पडून राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि तो गंजतो. म्हणून वीस वर्षांत जेमतेम उडालेल्या 'कमी तासांच्या' विमानापेक्षा रंग उडालेलं, दर आठवड्याला उडणारं विमान मी पसंत करतो. पंखांच्या पुढच्या कडेतच टाक्या असतात. तिथल्या रिव्हेटांभोवती निळे डाग दिसले तर पेट्रोल झिरपतंय. विमानाचं पेट्रोल निळ्या रंगाचं असतं ते इथे फार सोयीचं पडतं.

कागदांत एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करून सही करण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण ते माणसाला मिळतं. विमान विकलं की त्याच्याबरोबर जात नाही. नवा मालक पाना हातात घेऊ शकतो, पण वार्षिक सहीसाठी त्याला सहसा माझ्यासारख्याकडे यावं लागतं. पाटीवरचं नाव मात्र कायम जुन्याचंच. उद्या काही झालं तर वकील आपल्या दारात येईल, या भीतीने काही जण विकतच नाहीत. इंजिन आणि उपकरणं वेगळी काढून विकतात आणि सांगाडा कापून टाकतात. मला ते बघवत नाही, पण त्यांना भित्रे म्हणायची माझी तयारी नाही.

बांधणारा समोर असला, तर मी त्याला दोनच प्रश्न विचारतो. आराखड्यात काय बदललंत? आणि पुन्हा बांधलंत तर काय वेगळं कराल? दुसऱ्या प्रश्नावर खरा बांधणारा तासभर बोलतो, पार पेन्सिलने रेघ चुकली तिथपर्यंत. 'काहीच नाही' म्हणणाऱ्याच्या विमानाला मी जास्त वेळ देतो.

मग घेणारा बाजूला घेऊन हळूच विचारतो, 'काका, घेऊ ना?' मी त्याच्या हातात यादी ठेवतो आणि उलट विचारतो, या जातीच्या विमानात तुझे तास किती? शिकवणाऱ्याबरोबर आधी उडून ये, विमा कंपनीही बहुधा तेच सांगेल. बहुतेक जण ती यादी दाखवून किंमत पाडून घेतात, आणि वाचलेल्या पैशांत विमान रंगवून घेतात. मी फोन करून इंधनाच्या पाइपचं काय झालं ते विचारत राहतो.