एका गोठ्यांत दोन मोटारी

पंचवटींतील जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांना जागेची अडचण समजावून सांगावी लागत नाहीं. आणि नव्या वसाहतींत राहणाऱ्यांना ती सांगूनही पटत नाहीं. काळारामाच्या देवळाकडून गंगेकडे उतरणाऱ्या आमच्या भागांतल्या गल्ल्या माणसांसाठीं, फार तर टांग्यासाठीं आंखलेल्या. वाडा बांधणाऱ्या पूर्वजांना गाई ठाऊक होत्या, मोटारी नव्हत्या. सुदैवानें त्यांचा गोठा गल्लीच्या तोंडाशींच आहे. गाई गेल्यापासून तेथें आमची मोटार उभी असते.

धाकट्या बंधूंनीं दुसरी मोटार घेतली आणि अडचणीला तोंड फुटलें. सातपूरच्या कारखान्यांतून रात्रीं परत आल्यावर मोटार कोठें तरी दूर लावून त्यांना पायीं घरीं यावें लागे. पावसाळा संपेपर्यंत त्यांनीं हें सोसलें. मग गंगापूर रस्त्यावरील एका सदनिकेची चौकशी झाली. वरवर पाहतां ही मोटारीची गोष्ट. पण त्या आठवड्यांत ‘वाटणी’ हा शब्द आमच्या घरांत प्रथमच उच्चारला गेला, आणि मातुश्री पानावरून अर्धपोटीं उठल्या.

एक मोटार उचलून तिच्या खालीं दुसरी ठेवावी, ही कल्पना पुतण्याची. आम्हांला ती प्रथम पोरकट वाटली. चौकशी करतां कळलें कीं मोटार उचलण्याचें तेलाच्या दाबावर चालणारें यंत्र अमेरिकेंतील मेंफिस शहरीं पीटर लुनाटी यांनीं १९२५ च्या सुमारास काढलें, आणि न्हाव्याची वरखालीं होणारी खुर्ची पाहून त्यांना तें सुचलें असें सांगतात. शंभर वर्षें दुरुस्तीच्या कारखान्यांत जें चालत आलें आहे, तें आमच्या गोठ्यांत कां चालूं नये?

चालूं नये याचें पहिलें कारण उंची. प्रत्येक मोटार सुमारें पांच फूट, मधल्या फलाटाची जाडी व हात फिरण्यापुरती मोकळीक धरली तर अकरा फूट तरी हवेत. आणि आमच्या तुळया नऊ फुटांवर! माळा काढणें सोपें, पण तुळया दोन्ही भिंतींना धरून होत्या. स्थापत्य-अभियंत्यांच्या देखरेखीखालीं लोखंडी कैच्या चढवून मगच त्या सोडविल्या. ज्यांना असें कांहीं करावयाचें असेल त्यांनीं जुन्या वाड्याच्या तुळईला केवळ सुताराच्या भरंवशावर हात लावूं नये.

दुसरें कारण जमीन. फरसबंदी काढली तों खालीं काळी माती. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर चार खांब उभे करणें म्हणजे झोंपाळ्यावर देव्हारा मांडणें. मुरूम लागेपर्यंत खणून लोखंडी सळयांचें काँक्रीट घातलें. त्याला पुरें बळ येण्यास २८ दिवस धरतात. इतके दिवस बंधूंना धीर धरवेल कीं नाहीं, ही आमची काळजी. परंतु ओल्या काँक्रीटवर रोज पाणी मारण्याचें काम त्यांनींच आपणहून पत्करलें, तेव्हां आम्ही मनांत ओळखलें कीं सदनिका आतां मागें पडत आहे.

यंत्राची रचना साधी आहे. कोंडलेल्या द्रवावर दाब दिला कीं तो सर्व दिशांना सारखा पोंचतो, हा पास्कलचा नियम शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो. विजेचा पंप तेल नळकांड्यांत लोटतो, दट्ट्या सरकतो, आणि त्याला जोडलेले पोलादी दोर कप्प्यांवरून ओढले जाऊन फलाटाचे चारी कोपरे एकदम उचलले जातात.

“आणि तेल गळलें तर?” काकूंनीं दारांतूनच विचारलें. यंत्र बसविणाऱ्या मिस्त्रींनीं व्याख्यान न देतां फलाट वर नेला. खांबांत शिडीसारख्या खांचा असतात. प्रत्येक खांचेशीं ‘खट्’ असा आवाज होई. मग त्यांनीं फलाट किंचित खालीं सोडून चारी खिट्ट्यांवर टेकविला आणि म्हणाले, “काकू, आतां भार तेलावर नाहीं, दोरावर नाहीं, पोलादावर आहे.” काकूंचें समाधान झालें. मात्र यंत्राच्या कुलपाची किल्ली त्यांनीं आपल्या जुडग्यांत अडकविली, आणि फलाट हलत असतां गोठ्यांत कोणींही, विशेषतः मुलांनीं, पाऊल टाकावयाचें नाहीं असा दंडक घातला.

वर कोणाची मोटार राहणार, यावर मात्र खरी खलबतें झालीं. वरची उतरवावयाची तर खालची आधीं बाहेर काढावी लागते. म्हणजे वरचा मालक खालच्याच्या अधीन! आमचें बाहेर जाणें क्वचित, म्हणून आमची वर गेली. पण मध्यरात्रीं मातुश्रींना दम लागला तर? तेव्हां ठरलें कीं खालच्या मोटारीची किल्ली देवघराबाहेरच्या खुंटीवर राहील, आणि ती कोणीही न विचारतां घ्यावी. बंधूंनीं आपण होऊन ती तेथें टांगली. नवी मोटार अशी सर्वांच्या हवालीं करणें सोपें नसतें, हें आम्ही जाणतों.

पुराचा विचारही होताच. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ रोजीं गोदावरी कशी चढली हें नाशिककर विसरलेले नाहींत. दुतोंड्या मारुतीच्या कोठवर पाणी आलें यावरून आम्ही पूर मोजतों. आतां त्याच्या कंबरेला पाणी लागलें कीं वीज जाण्यापूर्वीं एक मोटार वर चढवून खालची उंचावरच्या रस्त्याला न्यावयाची, असें ठरविलें आहे. म्हणूनच पंप व बटनांची पेटी खांबावर छातीच्या वर बसवून घेतली.

सध्यां पुतण्याच्या मनांत उंच बांध्याची मोटार भरली आहे. ती फलाटाखालीं शिरणार नाहीं असें आमचें मत. शिरेल असें त्याचें. आम्हीं त्याच्या हातीं मोजपट्टी दिली आहे.