आमच्या वेळचं वेस्ट पॉइंट

'आमच्या वेळी असं नव्हतं' ही आपल्याकडे निवृत्त हेडमास्तरांची खास मालमत्ता समजली जाते. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत मात्र तो रीतसर रिवाज आहे. तिथून शिकून बाहेर पडलेला माणूस, मग तो तिशीतला कॅप्टन असो की ऐंशीतला जनरल, परत आला की सध्याच्या कॅडेटांकडे बघून मान हलवतो आणि म्हणतो, 'द कोअर हॅज'. पुढचं बोलायची गरज नसते. कॅडेटांच्या पलटणीची रया गेली, हे ऐकणाऱ्याला कळतं. अकादमी स्थापन झाली 1802 साली, आणि त्या वर्षी तिथून बाहेर पडले फक्त दोघं. त्या दोघांनी पुढच्या वर्षीच्या पोरांबद्दल हेच म्हटलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी स्वतः फौजेतला नाही. युद्धांचे इतिहास वाचण्याचा नाद मात्र लहानपणापासूनचा, आणि त्या नादात हडसन नदीच्या काठावरची ही दगडी शाळा ओळखीची झाली. न्यूयॉर्कच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटरवर नदी तिथे एकदम वळण घेते. जहाजांना वेग कमी करावाच लागतो, म्हणून स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनने तिथे किल्ला बांधून घेतला आणि 1778 मध्ये नदीवर आडवी लोखंडी साखळी टाकली. त्या साखळीच्या कड्या आजही तिथे मांडून ठेवल्या आहेत. मी गेलो तेव्हा एक शाळकरी मुलगा त्यातल्या एका कडीला मिठी मारून फोटो काढून घेत होता. हाच किल्ला 1780 मध्ये तिथलाच सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्ड इंग्रजांच्या हवाली करायला निघाला होता. जुन्या चर्चच्या भिंतीवर क्रांतिकाळातल्या सेनापतींच्या पाट्या आहेत. त्यात एका पाटीवर हुद्दा आहे, जन्मसाल आहे, आणि नाव नाही. ती अर्नोल्डची. माणूस वगळायचा, पण वगळला हे दिसलंही पाहिजे. हे शिक्षण मला आवडलं.

शाळेला शाळापण आणलं ते सिल्व्हेनस थायरने. 1817 ते 1833 तो प्रमुख होता. फ्रान्समध्ये हिंडून तो जे पाहून आला, त्यावरून त्याने पद्धत बसवली. छोटे वर्ग, धडा आधी स्वतः वाचून यायचा, आणि वर्गात फळ्यापाशी उभं राहून तो मांडायचा. गुण रोज, प्रत्येकाला, प्रत्येक विषयात. लपायला जागाच नाही. शिस्तीचेही गुण होते, म्हणजे उणे गुण. बटण उघडं राहिलं, उशीर झाला, की वहीत नोंद. आणि विषय कुठले? लढाईचे डावपेच थोडे, गणित आणि इंजिनिअरिंगच फार. देशातली पहिली इंजिनिअरिंगची शाळा हीच. रेल्वे, कालवे, बंदरं बांधायला सुरुवातीला इथलेच लोक मिळत. 1819 चा जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर रशियाच्या झारसाठी मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग रेल्वे बांधायला गेला. त्याचा मुलगा जेम्स बापाच्या शाळेत आला आणि रसायनशास्त्रात गडगडून 1854 मध्ये बाहेर गेला. पुढे तो चित्रकार व्हिसलर झाला. त्याला घरी पाठवणारा प्रमुख होता रॉबर्ट ई. ली. त्याच्या आधी एडगर अ‍ॅलन पोही इथून 1831 मध्ये हाकलला गेला होता. जाताना त्याने कवितासंग्रह छापायला कॅडेटांकडून वर्गणी गोळा केली. मास्तरांवरच्या टवाळ कविता मिळतील या आशेने पोरांनी पैसे दिले, आणि हातात आल्या खऱ्या कविता. त्यांची निराशा मी समजू शकतो.

पण जुन्या वेस्ट पॉइंटबद्दल मला हळवं करतं ते काही वेगळंच. त्या काळी हे सगळे एकमेकांना ओळखत होते. 1843 च्या वर्गात एकोणचाळीस जण होते, त्यांत युलिसिस ग्रँट एकविसावा. अशा छोट्या वर्गात चार वर्षं काढली, वरच्या आणि खालच्या वर्गांशीही रोज गाठ पडली, की कोण घाबरट, कोण हट्टी, कोण घाईत गणित चुकवतो, हे पाठ होतं. पुढे 1861 मध्ये उत्तर आणि दक्षिणेतली यादवी सुरू झाली तेव्हा हेच लोक दोन्ही बाजूंना सेनापती होते. त्या युद्धातल्या साठ मोठ्या लढायांपैकी पंचावन्नमध्ये दोन्हीकडचे सेनापती वेस्ट पॉइंटचे होते, असं अकादमीत अभिमानाने सांगतात. त्यात अभिमान किती वाटावा, हा प्रश्न मला पडतो. सहा लाखांहून जास्त माणसं मारणारं युद्ध, आणि ते चालवणारे एकाच पंगतीत जेवलेले.

सायमन बोलिव्हर बकनरची गोष्ट घ्या. 1844 चा, म्हणजे ग्रँटच्या मागच्याच वर्गातला. 1854 मध्ये ग्रँटने फौज सोडली तेव्हा तो न्यूयॉर्कमध्ये अडकला. खिशात पैसे नव्हते आणि हॉटेलचं बिल थकलं होतं. बकनरने ती वेळ निभावून नेली. आठ वर्षांनी, फेब्रुवारी 1862 मध्ये, डोनेल्सनचा किल्ला सोडायची पाळी आली. आत दक्षिणेचा बकनर, बाहेर उत्तरेचा ग्रँट. जुन्या उपकाराला स्मरून काही सभ्य अटी मिळतील, असं बकनरला वाटलं. ग्रँटने उत्तर पाठवलं, बिनशर्त शरणागती. तिथे त्याचं नाव झालं. शरणागती झाल्यावर मात्र ग्रँट त्याला बाजूला घेऊन गेला आणि आपली पैशाची थैली पुढे केली, असं बकनरच पुढे सांगत असे. 1885 मध्ये घशाच्या कॅन्सरने ग्रँट मरणाला टेकला, तेव्हा बकनर भेटायला आला आणि अंत्ययात्रेत मानकऱ्यांतही होता. बकनरचा मुलगा बापाच्याच नावाचा. तोही वेस्ट पॉइंटचा, 1908 चा, आणि जून 1945 मध्ये ओकिनावात तोफगोळ्याने गेला. बापाने वॉशिंग्टनच्या सरकारविरुद्ध किल्ला लढवला, मुलगा त्याच सरकारच्या गणवेशात मेला.

ग्रँटच्या 1848 च्या लग्नाला जेम्स लाँगस्ट्रीट हजर होता. नवरीचा नातेवाईकच तो. पुढे दक्षिणेच्या फौजेत तो लीचा उजवा हात झाला, आणि युद्ध संपल्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँटनेच त्याला सरकारी नोकरी दिली. 1864 च्या ऑक्टोबरात सीडर क्रीकच्या लढाईत दक्षिणेचा तरुण जनरल रॅमसर जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, तेव्हा त्याच्या शेवटच्या रात्री उशाशी होते ते शत्रूच्या गणवेशातले वर्गमित्र आणि शाळूसोबती. त्यांत कस्टरही होता.

तोच कस्टर 1861 च्या वर्गात चौतिसांत चौतिसावा. चार वर्षांत सातशेहून अधिक उणे गुण. त्या वहीत लीच्या नावापुढे शून्य. ली वर्गात दुसरा, दक्षिणेचाच जनरल पिकेट शेवटचा, ग्रँट मधोमध. गुणपत्रिकेवरून सेनापती ओळखता येत नाही, हे तिथल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांना फार आवडतं सिद्ध करायला. 1837 च्या सेजविकचा तिथे पुतळा आहे. परीक्षेत नापास व्हायची धास्ती असेल तर मध्यरात्री, पूर्ण गणवेशात, त्याच्या बुटांच्या टाचेवरच्या आऱ्या फिरवून यायच्या. थायरच्या गणिती शाळेत हा नवस अजून चालतो.

विसाव्या शतकात ओळखीचा हा धागा अजून टिकून होता. 1915 चा वर्ग 'तारे पडलेला वर्ग' म्हणून प्रसिद्ध आहे. 164 जणांपैकी 59 जण खांद्यावर तारे लावून जनरल झाले. आयझेनहॉवर एकसष्टावा. फुटबॉलमध्ये गुडघा गेला म्हणून फौजेत ठेवायचं की नाही, असाच प्रश्न पडला होता. त्याच्याच वर्गातला ओमर ब्रॅडली. नॉर्मंडीनंतरच्या आघाडीवर हे दोघं वर आणि खाली होते, आणि ब्रॅडलीच्या हाताखाली अकादमीत दोघांनाही वरिष्ठ असलेला पॅटन. पॅटनला गणितापायी पहिलं वर्ष पुन्हा करावं लागलं होतं. त्याचा पुतळा बरीच वर्षं ग्रंथालयाकडे तोंड करून, दुर्बीण हातात घेऊन उभा होता, म्हणजे हयातीत जे सापडलं नाही ते शोधायला, असं पोरं म्हणत. मॅकआर्थरची तऱ्हा उलटी. तो 1903 मध्ये पहिला आला. आई मुलाच्या शिक्षणासाठी जवळच्याच हॉटेलात मुक्काम ठोकून होती. 1919 मध्ये तो प्रमुख म्हणून परतला आणि अभ्यासक्रम बदलायला निघाला, तर जुन्या प्राध्यापकांनी त्याला फारसं हलू दिलं नाही. 'आमच्या वेळी' वाल्यांचा तो मोठा विजय.

या आठवणींच्या नादात मन रमतं, आणि मग 1932 आठवतो. त्या वर्षी बेंजामिन डेव्हिस नावाचा कृष्णवर्णीय मुलगा कॅडेट म्हणून आला. वडील फौजेतच कर्नल. काही दिवसांत बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणं बंद केलं. कामापुरतं बोलायचं, बाकी नाही. खोलीत तो एकटा, भोजनगृहात टेबलावर सगळ्यांच्या मधे बसून एकटा. एक-दोन आठवडे नव्हे, चार वर्षं. तो गेला नाही. 1936 मध्ये 276 जणांत पस्तिसावा येऊन बाहेर पडला. त्याच वर्गाचा फर्स्ट कॅप्टन, म्हणजे कॅडेटांचा मुखिया, होता विल्यम वेस्टमोरलँड, जो पुढे व्हिएतनाममध्ये सेनापती झाला. क्रेटन एब्रम्स, ज्याने तिथेच त्याची जागा घेतली, तोही त्याच वर्गातला. ज्या 'सगळे एकमेकांना ओळखत होते' याचं मला इतकं अप्रूप, त्या ओळखीत डेव्हिस बसत नव्हता. डेव्हिस पुढे टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांचा प्रमुख झाला, 1954 मध्ये अमेरिकी हवाई दलातला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. आज तिथल्या एका भव्य बराकीला त्याचं नाव आहे. 2017 मध्ये ती खुली झाली. ज्या शाळेने त्याच्याशी चार वर्षं शब्द काढला नाही, तिथली पोरं आता 'डेव्हिसमध्ये राहतो' असं सहज सांगतात.

म्हणून आजच्या वेस्ट पॉइंटवर मी उगाच नाक मुरडत नाही. 1976 मध्ये मुली आल्या, 119 जणी. चार वर्षांनी त्यातल्या 62 जणी टिकून बाहेर पडल्या. जुन्या मंडळींनी काय म्हटलं, ते वर सांगितलंच आहे. त्याच वर्षी मुली येण्याआधीच कॉपीचं मोठं प्रकरणही घडलं, म्हणजे बिघाडाला मुली कारण झाल्या असं म्हणायची सोय राहिली नाही. कॉपी 1951 मध्येही सापडली होती, त्यात फुटबॉलच्या संघातली बरीच पोरं होती, आणि 2020 मध्ये कोविडच्या काळात ऑनलाइन गणिताच्या परीक्षेतही सापडली. खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही आणि असं करणाऱ्याला खपवून घेणार नाही, ही शपथ मात्र तीच आहे. आपल्या खडकवासल्याच्या अकादमीचा आराखडा ठरवताना ऑकिनलेक समितीने वेस्ट पॉइंटचा नमुना डोळ्यासमोर ठेवला होता. फरक एवढाच केला की भूदल, नौदल, हवाई दल तिन्हींची पोरं एकाच अंगणात. अमेरिकेत ती तीन वेगळ्या गावांत शिकतात. पोरींना मात्र खडकवासल्याचा दरवाजा 2022 मध्ये उघडला, न्यायालयाने सांगितल्यावर.

जो बदल मला खरोखर बोचतो तो आकड्याचा. आज वेस्ट पॉइंटवर चार हजारांहून जास्त कॅडेट आहेत आणि दरवर्षी हजाराच्या आसपास बाहेर पडतात. सगळ्यांना एकच अभ्यासक्रम, ही गोष्टही गेली. आता निवडीचे विषय आहेत. फौजेचं शिखरही आता या एकाच शाळेचं राहिलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात वरचा माणूस जॉर्ज मार्शल होता, तो व्हर्जिनियातल्या दुसऱ्याच संस्थेचा. पुढच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांत कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातला, मार्क मिली प्रिन्स्टनचा. हे देशाला चांगलंच आहे. मला मात्र समोरच्या सेनापतीला कॅडेट असताना घाम फुटलेला ज्याने पाहिला होता, असा माणूस आता युद्धाच्या दोन्ही बाजूंना असू शकत नाही, याची चुकचुक वाटते. चुकचुक वाटणं शहाणपणाचं नाही, हे मला कळतं.

लीचं दक्षिणेच्या गणवेशातलं तैलचित्र ग्रंथालयात 1952 पासून होतं. मागे त्याचा घोडा धरलेला गुलाम. 2022 मध्ये ते उतरवलं, आणि 2025 मध्ये ते परत लावण्याचं ठरल्याच्या बातम्या आल्या. युद्ध जिंकणाऱ्या ग्रँटचा पुतळा मात्र मैदानावर यायला 2019 उजाडलं. त्याने आठवणींत लिहून ठेवलं आहे की पहिल्या वर्षी त्याचा वेस्ट पॉइंटवर अजिबात जीव नव्हता. 1839 च्या डिसेंबरात काँग्रेसमध्ये अकादमी बंद करण्याच्या प्रस्तावावर चर्चा चालली होती, तर हा पोरगा रोजची वर्तमानपत्रं आशेने वाचत असे. प्रस्ताव मंजूर व्हावा, शाळा बंद व्हावी आणि आपल्याला घरी जाता यावं म्हणून. वर्षभरानंतर मात्र ती बंद झाली असती तर वाईट वाटलं असतं, हेही त्याने लगेच खाली लिहिलं आहे.