राजीनाम्याची बातमी

टायफॉइडनंतर डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिली आणि कितीतरी दिवसांनी जुनी कात्रणं चाळायला वेळ मिळाला. इन्फोसिसच्या विशाल सिक्का यांच्या बातम्यांपाशी मी रेंगाळले. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली ही कंपनी. आपल्याकडे तिच्याबद्दल अजून घरच्यासारखं बोललं जातं.

१८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्कांनी मुख्य कार्यकारी अधिकारी आणि व्यवस्थापकीय संचालक ही पदं सोडली. कंपनी मात्र त्या दिवशी सोडली नव्हती. कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून ते राहणार होते. हंगामी जबाबदारी यू. बी. प्रवीण राव यांच्याकडे गेली. २४ तारखेला सिक्का संचालक मंडळातूनही बाहेर पडले आणि सहसंस्थापक नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. मधले ते दिवस मला महत्त्वाचे वाटतात. घाईत लिहिलेल्या बातमीत तेच आधी पुसले जातात.

आणि कारण? सिक्कांच्या पत्रात वैयक्तिक हल्ल्यांची व्यथा होती. संचालक मंडळानं कंपनीचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांच्याकडे बोट दाखवलं. मूर्ती त्या आरोपांनी व्यथित झाले. तिघांचं दुःख खरं असू शकतं. पण बातमीदारानं त्यातलं एक उचलून स्वतःचा निष्कर्ष म्हणून छापू नये, असं मला फार मनापासून वाटतं. राजीनाम्याच्या दिवशी कंपनीचा शेअर जवळजवळ दहा टक्क्यांनी कोसळला होता. त्यात कुणाकुणाची निवृत्तीची पुंजी असेल.

पुन्हा अशी बातमी वाचाल, तेव्हा कारण कोण सांगतंय ते आधी शोधा.