बैलाला पुढे कोण ढकलतं?

मराठीत बळ अंगात असतं. बैल बळाचा असतो, आजारपणानं अंगातलं बळ जातं. डब्यात साखर असावी तसं ते कुणाजवळ तरी साठवलेलं. भौतिकशास्त्रातलं बल मात्र एकट्या कुणाचंच नसतं; ते दोन वस्तूंमध्ये घडतं. नुसता ‘ळ’चा ‘ल’ केल्यानं हा फरक मुलांपर्यंत पोचत नाही. सहावीत स्नायू बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल अशी नावं ओळीनं येतात आणि पाठ होतात. त्यातही ‘स्नायू बल’ म्हटलं की अंगातल्या बळाची जुनी समजूत आणखी पक्की होते. या यादीआधी एकच प्रश्न यायला हवा: कुणाचं, कुणावर?

शिरूर तालुक्यातल्या इनामगावात हा प्रश्न विचारून पाहावा. घोड नदीकाठची ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती साधारण इ.स.पू. 1600 ते 700 या काळातली; डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या वर्षांत ती उत्खनन करून उजेडात आणली. तिथल्या एका मातीच्या भांड्यावर बैलगाडी रेखाटलेली आहे. गाडी कोण ओढतं? बैल. मग बैलाला पुढे कोण ढकलतं? उत्तर त्याच्या पायाखाली आहे: खूर जमिनीला मागे रेटतो, जमीन खुराला पुढे. काळ्या रानात चिखल झाला की बैल तोच, बळ तेच, पण खूर घसरतो आणि गाडी जागची हलत नाही. गतीचा वैरी म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते, ते घर्षणच इथे बैलाला चालवत होतं! त्याच वस्तीत नदीचं पाणी वळवणारा पाट आणि बांध सापडला. पाटातल्या पाण्याला मागून कुणी ढकलत नाही. पृथ्वी त्याला उताराकडे ओढते, बांध आडवा रेटतो, पाणी वळतं.

यावर कुणी म्हणेल, हा न्यूटनचा तिसरा नियम झाला, अकरा वर्षांच्या मुलाला तो कसा झेपणार? नियम सांगायचाच नाही. भिंतीला हात रेटला की तळव्याला भिंत जाणवते, तेवढं सहावीला पुरे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इनामगावकरांना बल ही संकल्पना कुठे ठाऊक होती? नव्हतीच. पूर्वजांच्या पदरात न्यूटनचं 1687 सालचं ‘प्रिन्सिपिया’ घालण्याची हौस इथे नको. पण पाट काढणाऱ्याला उतार कळत होता, गाडी हाकणाऱ्याला चिखल कळत होता. वर्गातली मुलंही नेमकी इथेच उभी असतात. राहिली परीक्षा. तिथे प्रकार विचारतात, हे खरं. पण ‘कुणाचं, कुणावर’ हे ज्याला सांगता येतं, त्याला प्रकाराचं नाव लक्षात ठेवायला फार कष्ट पडत नाहीत. तेव्हा गुरुजी, पुढच्या जूनमध्ये यादी लिहिण्याआधी फळ्यावर एक बैलगाडी काढा, आणि बैलाच्या खुराखालची जमीन काढायला विसरू नका.