‘आपल्याविषयीं कांहीं सांगा’

नोकरीच्या मुलाखतीस बसलेल्या उमेदवारास बहुधा पहिला प्रश्न एकच विचारला जातो : ‘‘आपल्याविषयीं कांहीं सांगा.’’ दिसावयास हा प्रश्न अगदीं सोपा. याचें उत्तर पुस्तकांत शोधावयास नको, पाठ करावयास नको, आणि ज्यास तें ठाऊक नाहीं असा मनुष्य जगांत सांपडावयाचा नाहीं. असें असतां पहिल्या वर्गांत उतरलेलीं हुशार मुलें नेमकीं याच प्रश्नाशीं अडखळतात, हा अनुभव ज्यांच्या घरीं नोकरीच्या वयाचीं मुलें आहेत त्यांस नवा नाहीं. मुलगा नांव सांगतो, गांव सांगतो, वडिलांचा व्यवसाय व परीक्षेंतील गुण सांगतो, आणि थांबतो. हें सारें समोरच्या मंडळींच्या हातांतील अर्जांत लिहिलेलें असतेंच. म्हणजे विचारणाऱ्यानें ‘सांगा’ म्हटलें आणि सांगणाऱ्यानें कांहींच सांगितलें नाहीं, असा प्रकार होतो.

१ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारनें गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हां कित्येक पालकांस हायसें वाटलें. पण त्यावरच्या पायऱ्यांवर मुलाखत आहेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत २०२५ गुणांपैकीं २७५ गुण मुलाखतीचे असतात. बँकांतील अधिकाऱ्यांच्या सामाईक निवडींत लेखी परीक्षेस शेंकडा ८० आणि मुलाखतीस २० असें वजन दिलेलें असतें. आणि खासगी कंपन्यांत तर सारा कौल मुलाखतीवरच. तेव्हां हा प्रश्न टाळून चालावयाचें नाहीं.

आपल्या घरांतील मुलांची अडचण मात्र बुद्धीची नाहीं, संस्काराची आहे. आत्मस्तुति हा मोठा दोष, हें त्यांस लहानपणापासून शिकविलेलें असतें. कर्णपर्वांतील तो विलक्षण प्रसंग वाचकांस आठवत असेल. गांडीव दुसऱ्यास दे, असें धर्मराज संतापून म्हणाले, आणि असें म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा होती. वडील मनुष्यास एकेरी संबोधून त्याचा अवमान करणें हाच त्याचा वध, अशी तोड श्रीकृष्णांनीं काढली. पुढें पश्चात्तापानें अर्जुन स्वतःवरच तरवार चालवूं लागला, तेव्हां ते म्हणाले, आपल्याच मुखानें आपले गुण वर्णन कर, म्हणजे आत्मघात झालाच! ज्या घरांत ही कथा चातुर्मासांत वाचली जाते, त्या घरांतील मुलगा चार अनोळखी माणसांपुढें ‘मी मेहनती आहें, मी प्रामाणिक आहें’ असें म्हणावयास कचरला, तर त्यांत नवल तें काय? मला विचाराल तर त्याचें कचरणें योग्यच आहे. ‘मी प्रामाणिक आहें’ हें वाक्य चोरासहि म्हणतां येतें, आणि मुलाखत घेणारे तें दिवसांतून वीस वेळां ऐकत असतात.

परंतु आपली स्तुति करणें निराळें आणि आपली हकीकत सांगणें निराळें. या दोहोंत आपलीं मुलें गल्लत करतात. छांदोग्योपनिषदांतील सत्यकाम जाबालाची कथा मी वर्गांत दरवर्षीं सांगत असें. हारिद्रुमत गौतमांकडे तो ब्रह्मचारी होऊन राहावयास गेला, तेव्हां त्यांनीं गोत्र विचारलें. हीहि एक मुलाखतच, आणि प्रश्नहि त्या काळचा पहिलाच. सत्यकामापाशीं उत्तर नव्हतें. पण घडलेली गोष्ट होती. मी आईस विचारलें, तारुण्यांत पुष्कळांच्या सेवेंत फिरतांना तूं मला झालास, तुझें गोत्र मला ठाऊक नाहीं, माझें नांव जबाला आणि तुझें सत्यकाम, असें तिनें सांगितलें, हें त्यानें जसेंच्या तसें निवेदन केलें. स्वतःस सत्यवादी म्हणवून घेतलें नाहीं. तो सत्यापासून ढळला नाहीं, हा निष्कर्ष गुरूंनीं काढला, आणि चारशें रोड गाई त्याच्या स्वाधीन केल्या. हकीकत उमेदवारानें सांगावी, विशेषण ऐकणाऱ्यानें लावावें, हा या कथेंतला विवेक मला फार मोलाचा वाटतो.

सांगण्याची कला शिकावयाची असेल तर मात्र सुंदरकांडाकडे जावें. अशोकवनांत मारुति झाडावर बसून काय विचार करतो हें पाहण्याजोगें आहे. द्विजासारखें संस्कृत बोललों तर ही मला रावण समजून भिईल. तेव्हां सामान्य माणसाच्या बोलींत बोलावें, असें तो ठरवितो. मग ‘मी रामाचा दूत, माझ्यावर विश्वास ठेव’ अशी सुरुवात न करतां तो दशरथापासून कथा आरंभितो. सीता पुढें रामाच्या खुणा विचारते, त्या तो सांगतो, आणि मुद्रिका त्यानंतर देतो. प्रमाणपत्र शेवटीं आणि हकीकत आधीं, हा क्रम आमच्या उमेदवारांनीं ध्यानांत घ्यावा. ते फाईल उघडून बसतात.

पाश्चात्त्यांनींहि या विषयाचा शास्त्रीय विचार केला आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या हवाई दलासाठीं वैमानिकांच्या निवडीचें काम केलेले जॉन फ्लॅनागन या मानसशास्त्रज्ञांनीं १९५४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. मनुष्य कसा आहे हें विचारण्यापेक्षां एखाद्या कसोटीच्या प्रसंगीं त्यानें प्रत्यक्ष काय केलें हें गोळा करावें, असा त्या पद्धतीचा गाभा होता. पुढें १९७० नंतरच्या दशकांत ‘स्टार’ नांवाची चार अंगांची रीति रूढ झाली : प्रसंग कोणता, काम कोणतें, आपण केलें काय, आणि निष्पन्न काय झालें. आज मोठमोठ्या कंपन्यांत याच चौकटींत उत्तरें टिपून घेतात. चौकट चांगली आहे. परंतु आमच्या नाट्यशास्त्रकारांनीं कार्याच्या अवस्था पांच मानल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. मधली प्राप्त्याशा, म्हणजे फळ मिळेल कीं न मिळेल अशी दोलायमान स्थिति, या चार अंगांत सुटते. उमेदवारहि तीच गाळतात. अडचण आली आणि मीं ती दूर केली, असें म्हणून मोकळे होतात. ऐकणाऱ्याचें लक्ष मात्र मधल्या घटकेवर असतें. त्या वेळीं तुझ्या हातीं काय होतें, तूं काय सोडून दिलेंस, कोणाचा सल्ला घेतलास, हें त्यास हवें असतें.

आणखी एक गोष्ट व्याकरणाची आहे, आणि ती सांगितल्यावांचून जुन्या शिक्षकास राहवणार नाहीं. एकत्र कुटुंबांतील मुलें ‘मी’ म्हणतच नाहींत. ‘आम्हीं केलें’, ‘घरीं ठरलें’, ‘हिशेब झाला’, ‘तें काम पार पडलें’ अशी त्यांची भाषा. घरांत ही भाषा शोभते. तिच्यावांचून एका चुलीवर पंधरा माणसें जेवलीं नसतीं. पण मुलाखतींत समोरचा गृहस्थ ‘झालें’ या क्रियापदाचा कर्ता शोधत बसतो. आपल्या मराठींत ‘मीं हिशेब तपासला’ हें वाक्य कर्मणि प्रयोगाचेंच आहे, तेव्हां प्रयोग कर्मणि असण्यास हरकत नाहीं. कर्ता तृतीयेंत कां होईना, पण वाक्यांत हजर पाहिजे.

सेवानिवृत्त झाल्यापासून संध्याकाळीं आमच्या ओसरीवर माझे जुने विद्यार्थी मुलाखतीच्या सरावासाठीं येऊन बसतात. त्यांतील एका मुलानें गेल्या वर्षीं मला एक हकीकत म्हणून दाखविली. अनवाणी पायांनीं पांच मैल शाळेंत जाणें, कंदिलाच्या उजेडांत अभ्यास, आईचें मंगळसूत्र गहाण ठेवून भरलेली फी. म्हणतांना त्याचा कंठहि योग्य जागीं दाटला. मी त्यास चौथीपासून ओळखतों. त्याचें घर शाळेच्या मागल्या आळींत, आणि वडिलांची पिठाची गिरणी भर पेठेंत. ‘‘हें कोठून आणलेंस?’’ असें विचारलें, तेव्हां म्हणाला, ‘‘गुरुजी, क्लासमध्यें लिहून दिलें आहे. साध्या घरची गोष्ट कोणी ऐकत नाहीं म्हणतात.’’ मीं विचारलें, ‘‘त्या पांच मैलांत वाटेवर नदी कोणती लागते रे?’’ तो गप्प झाला. बनविलेल्या गोष्टीचें असेंच असतें. पहिल्या प्रश्नापुरती ती उभी राहते, दुसऱ्याला बसते. पण मला त्याहूनहि अधिक वाईट वाटलें तें निराळ्या कारणानें. ज्या बापानें गिरणी चालवून पोरास शिकविलें, त्यास त्यानें एका वाक्यांत भिकेस लावलें होतें, आणि आईच्या गळ्यांतलें मंगळसूत्र काढून घेतलें होतें. पुढें बोलतां बोलतां कळलें कीं, कॉलेजांत असतां सुट्टीच्या दिवशीं गिरणीवर हाच बसे, आणि शेजारी दुसरी गिरणी निघाल्यावर घरपोंच दळणाची व्यवस्था यानेंच वर्षभर चालविली होती. ही गोष्ट सांगण्याजोगी आहे हें त्याच्या गांवींहि नव्हतें. ती त्यानें सांगितली. त्याची निवड झाली नाहीं, जागा दोनच होत्या. तो आतां दुसऱ्या बँकेच्या मुलाखतीची तयारी करीत आहे, गिरणीचीच गोष्ट घेऊन.

आमच्या घरांतहि हा प्रश्न येऊन उभा राहिला, आणि तेथें तो इतका सोपा नव्हता. २०२१ च्या आश्विनांत आमच्या मातोश्रींस अर्धांगवायूचा झटका आला, वय चौऱ्यायशीं. धाकट्या बंधूंची कन्या त्याच वर्षीं बी. कॉम. झाली होती. आजीपाशीं मी राहतें, असें तिनें आपण होऊन सांगितलें, आणि २०२३ च्या पौषांत मातोश्री निवर्तल्या तोंपर्यंत ती त्यांच्या खोलींतून फारशी बाहेर निघाली नाहीं. पुढें नोकरीसाठीं अर्ज करूं लागली तेव्हां दर ठिकाणीं तोच प्रश्न : मधलीं वर्षें कोठें गेलीं?

थोरले बंधू आमच्या घरांतले कर्ते. त्यांचें म्हणणें, स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत होतें म्हणावें. घरांत तीन सुना असतां शिकलेल्या मुलीस शुश्रूषेस बसविलें, असें परक्यांच्या तोंडून ऐकावयास नको. त्यांची ती भीति खोटी नव्हती, लोक म्हणतातच. पुतणीनें पहिल्या मुलाखतींत वडीलमाणसांची आज्ञा पाळली. ‘कोणती परीक्षा? कोणत्या सालीं? वैकल्पिक विषय कोणता?’ असे तीन प्रश्न आले आणि ती रडकुंडीस येऊन घरीं परतली.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ती आम्हां सर्वांपुढें येऊन म्हणाली, ‘‘मोठे काका, मीं दोन वर्षें कांहीं केलें नाहीं असें मला म्हणवत नाहीं.’’ आणि तिनें एक वही आणून ठेवली. मातोश्रींस दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें, पाठीस जखमा होऊं द्यावयाच्या नाहींत. त्यासाठीं घरांतील सहा माणसांच्या पाळ्या तिनें आंखल्या होत्या. नळींतून दिलेलें अन्न, रक्तदाब, औषधें, सारें तासावारीं टिपलेलें. एका रुग्णालयाच्या बिलांत कांहीं औषधें दोनदां लागलीं होतीं. वहीशीं ताडून तिनें तीं दाखविलीं आणि चार हजार दोनशें रुपये परत आणले. तें आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें असें कीं, मध्यंतरीं रात्रीची बाई काम सोडून गेली त्या महिन्यांत, आतां माझ्यानें होत नाहीं, असें तिनें एके ठिकाणीं लिहून ठेवलें होतें, आणि त्याच पानावर खालीं पाळ्यांचा नवा तक्ता आंखला होता. मोठ्या काकांची पाळी त्यांत प्रथमच घातलेली होती, पहांटे पांच ते सात.

बंधू बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग वहिनीच म्हणाल्या, ‘‘लोक आम्हां सुनांना बोलतील तर बोलोत. तिनें केलें तें तिचें आहे, तें तिला सांगूं द्या.’’ बंधूंनीं चष्मा काढून पुसला आणि एवढेंच म्हणाले, ‘‘माझी पाळी मीं चुकविली नाहीं, हेंहि सांग म्हणावें.’’

पुढील तयारीस आठ दिवस लागले. प्रथम तिनें सारें मराठींत सांगितलें, मग लहान लहान वाक्यांत इंग्रजींत. आजीच्या दुखण्याचें वर्णन मीं कमी करावयास लाविलें. ती करुणा मागावयास जात नव्हती. ‘पाळ्या ठरल्या’ येथें ‘मीं पाळ्या ठरविल्या’ असें केलें. ‘आतां होत नाहीं’ हें वाक्य ठेवावें कीं गाळावें यावर आमचा वाद झाला. काकू गाळा म्हणत होती. मीं ठेवावयास सांगितलें, कारण प्राप्त्याशा तेथेंच होती. एकंदर कथन दोन मिनिटांत बसलें.

मुलाखत एका विमा कंपनीच्या दावे तपासणाऱ्या विभागांत होती. तिघे जण बसले होते. त्यांनीं बिलाची गोष्ट विचारली, वही कशी आंखली होती तें विचारलें, आणि त्यांतील एका बाईंनीं, घरांतल्या वडीलमाणसास पाळी लावतांना काय म्हणालीस, असें विचारलें. ‘‘कांहीं म्हणालें नाहीं,’’ हिनें उत्तर दिलें, ‘‘तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर लावला.’’ त्यावर तिघेहि हंसले म्हणे.

२०२४ च्या जुलैपासून ती तेथें नोकरीस आहे. वही मातोश्रींच्या खोलींतल्या फडताळांत असते. अलीकडे दुपारीं बंधू ती घेऊन बसतात, असें वहिनी सांगत होत्या.