डिपॉझिट म्हणजे मालकाचा रंगकाम फंड नव्हे

मे-जून आला की गावात सामानाचे टेम्पो फिरायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग डिपॉझिटची भांडणं येतात. यंदा एक नर्सताई आल्या. तीन वर्षं एकाच घरात राहिल्या, भाडं एक महिनाही थकलं नाही. वीस हजारांपैकी हातात आले सहा. हजार रुपये फुटलेल्या बेसिनचे, ते त्यांनाही मान्य. उरलेले तेरा हजार ‘रंगाला गेले’.

मालकांना फोन केला. माणूस वाईट नाही. निवृत्त शिक्षक, भाड्यावर औषधपाणी चालतं. म्हणाले, "अहो, घर जसं दिलं तसं परत नको का मिळायला?"

मिळायलाच हवं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ तेच म्हणतं, फक्त ‘रास्त वापराने होणारी झीज’ वगळून. आपले करार बहुतेक लिव्ह अँड लायसन्सचे, त्यांना हे कलम थेट लागत नाही. पण न्यायाची रेघ तीच. केंद्राचा २०२१चा आदर्श भाडेकरू कायदा तर कामंच वाटून देतो: भिंतींचा रंग मालकाकडे, नळ, स्विच, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. अर्थात तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू.

साधा हिशेब बघा. तीन पावसाळ्यांत उडालेला रंग, झिजलेली फरशी, सैल झालेली कडी ही झीज. ती भाड्यातच वसूल झालेली असते. फुटलेलं बेसिन, न विचारता भिंतीला पाडलेली भोकं हे नुकसान. ते खुशाल कापा, पण बिल दाखवून. आणि रंग पाच वर्षांचा जुना असेल, तर नव्या रंगाचा सगळा खर्च भाडेकरूच्या माथी कसा?

करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं. उलट सिद्ध करायचं काम मालकाचं. ‘कशाला उगाच खर्च’ म्हणणाऱ्या घरमालकांनी हे लक्षात ठेवावं.

भाडेकरूंनीही एक करा. चावी घेताना आणि देताना मालकासमोर घराचा व्हिडिओ काढा, मीटरच्या आकड्यासकट. रंगाचा खर्च कोणाचा, हे करारात एका ओळीत लिहून घ्या.

नर्सताईंचे तेरा हजार म्हणजे नव्या घराच्या डिपॉझिटचा मोठा भाग. ते अडकले की दागिना गहाण पडतो. गुरुजींनी विचार करून सांगतो म्हटलंय. करतील, असं वाटतं.